फॉर्च्यून कुकींमधला एक मोदक

अरुणाबाई केरकरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. उठल्यावर त्या आधी तळहातांना आणि बोटांच्या टोकांना खोबरेल चोळायच्या, मग चहाचं आधण ठेवायच्या. घर क्वीन्सटाउनच्या जुन्या वसाहतीत, अकराव्या मजल्यावर. नवऱ्याची पोळीभाजी झाकून ठेवायची, देवापुढे दिवा लावायचा आणि उजाडायच्या आत घराबाहेर पडायचं. बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर होती. अलेक्झांड्राच्या बाजूला छोट्या कारखान्यांची एक उंच इमारत आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला सोफ्यांना कापड बसवणारा, आणि मध्ये मॅडम येओंची बेकरी. लिफ्टचं दार उघडलं की आधी शाईचा वास यायचा, चार पावलं पुढे गेलं की व्हॅनिलाचा.

त्या बेकरीत अरुणाबाई फॉर्च्यून कुकी वळायच्या. पातळ, कुरकुरीत, पोकळ बिस्किट. आत कागदाची चिठ्ठी. मोठ्या हॉटेलांत जेवण झाल्यावर, कंपन्यांच्या मेजवान्यांत, हल्ली लग्नांतही वाटतात. पाहुणा ती फोडतो, चिठ्ठी वाचतो, हसतो, आणि तुकडे तोंडात टाकतो.

काम सांगायला सोपं. अंड्यांतला पांढरा बलक, साखर, मैदा आणि तेल यांचं सरसरीत पीठ करायचं. चमचाभर ट्रेवर घालून चमच्याच्या पाठीने गोल पसरायचं. भट्टीत कडा तांबूस झाल्या की ट्रे बाहेर. खरं काम इथून पुढे. चकती मऊ आहे तोवर उचलायची, मध्ये चिठ्ठी ठेवायची, अर्ध्यात दुमडायची, दुमडलेली बाजू वाटीच्या काठावर दाबून तिला कमरेत वाक द्यायचा आणि उलगडू नये म्हणून खळग्यांच्या ट्रेमध्ये बसवायची. हे सगळं दोन श्वासांत. तिसऱ्या श्वासाला चकती कडक होते आणि हातात तुटते. ज्याने हे केलेलं नाही त्याला वाटतं, यात काय एवढं. त्याने भट्टीतून नुकतीच निघालेली एक चकती उचलून बघावी.

सुती हातमोजे मिळायचे. अरुणाबाई फक्त डाव्या हातात घालायच्या. उजवा उघडा. मोज्यातून कड कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कड कळली नाही तर वाक चुकतो, आणि वाक चुकलेली कुकी पाकिटात उलगडते.

त्या इथे आल्या कशा, तेही सांगायला हवं. निशिकांत केरकर माझगावच्या गोदीत फिटर होते. तिथून परदेशी, जुरोंगच्या बाजूच्या एका जहाजांच्या यार्डात लागले. मागून अरुणाबाई आणि मुलगी गार्गी आल्या. पुढे इथलं नागरिकत्वही मिळालं. मग एका जहाजाच्या इंजिनखोलीत व्हॉल्व्ह उचलताना केरकरांची पाठ गेली. ऑपरेशन झालं, पाठ निम्मीच परत आली. काम सुटलं. गार्गी तेव्हा अजून शिकत होती. अरुणाबाईंनी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, ताटं उचलण्याचं काम धरलं. त्यात कमीपणा नाही. पण दिवसभर दुसऱ्याचं खरकटं गोळा करून घरी आलं की आपण आज काही केलं असं वाटत नाही, एवढंच त्या म्हणत.

मॅडम येओ तिथे दुपारी नूडल्स खायला यायच्या. बुटकी, काटक बाई, केस पुरुषासारखे कापलेले. एकदा अरुणाबाईंनी त्यांच्या टेबलावरचं वाफाळतं मातीचं भांडं उघड्या हातांनी उचललं.

"बोटं भाजत नाहीत तुझी?" मॅडमनी विचारलं.

"भाजतात. पण सोडलं तर फुटेल, आणि मग मलाच पुसावं लागेल."

मॅडम नूडल्स तशाच ठेवून उठल्या. "सोमवारी माझ्याकडे ये," म्हणाल्या. मुलाखत म्हणाल तर एवढीच झाली.

सोमवारी अरुणाबाईंनी पहिल्यांदा फॉर्च्यून कुकी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि हसू लागल्या. ही तर करंजी! करंजीच, फक्त कमरेत मोडलेली. लहानपणापासून दिवाळीला ढिगाने करंज्या केलेल्या हाताला ही घडी शिकवावी लागली नाही. चटका तेवढा शिकावा लागला.

आणि करंजीबरोबर करंजीचा रिवाजही आला. कोकणातल्या घरांत नुसत्या करंज्या करत नाहीत. घाण्यात एक तरी मोदक करतात. मोदक करायला बसलं तर एक तरी करंजी. बहिणींना भाऊ हवा, भावाला बहीण हवी. अरुणाबाईंची आई म्हणायची, नुसत्या बहिणी तळल्यास तर कढई रुसेल. त्यामुळे मोठी ऑर्डर असली की शेवटची चकती अरुणाबाई बोटावर घेऊन कडा वर गोळा करायच्या, शेंडा चिमटायच्या, आणि मोदक तयार. त्यात चिठ्ठी नसे. मोदकात कुठे चिठ्ठी असते? तो त्या फळीवर ठेवायच्या, आणि मॅडम तो कॉफीत बुडवून खायच्या. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "हे काय?" अरुणाबाईंनी सांगितलं, "भाऊ." त्यावर मॅडमनी मान हलवली आणि भाऊ खाऊन टाकला. पुन्हा कधी विचारलं नाही.

तुटलेल्या कुकी घरी न्यायला परवानगी होती. संध्याकाळी केरकर पलंगावर पाठीखाली लाकडी फळी घेऊन आडवे असायचे. अरुणाबाई डबा उघडायच्या, आणि केरकर चष्मा लावून चिठ्ठ्या वाचायचे.

"'आज कोणीतरी तुमची स्तुती करील.' अगं, कर मग लवकर. आठ वाजले."

"अहो, कशाची करू?"

"कशाचीही कर. चिठ्ठी खोटी पडायला नको."

थट्टा करायचे, पण दुसऱ्या दिवशी डब्याकडे आधी त्यांचाच हात जायचा. अरुणाबाईंना याचं नवल वाटे. त्यांच्या आजोळी, वेंगुर्ल्याकडे, देवाला कौल लावतात. फूल उजवं पडतं की डावं, याकडे सगळं घर श्वास रोखून बघत असतं. कौलाला माणूस घाबरतो. इथल्या सेरंगून रोडवर पोपट घेऊन बसणारा ज्योतिषी असायचा, त्याच्यापुढेही लोक जरा बिचकूनच बसत. या चिठ्ठीला कोणी घाबरत नाही. तिच्यात वाईट कधी लिहिलेलंच नसतं. शिवाय ती एकट्याने कोणी वाचत नाही. शेजारच्याला वाचून दाखवतो, त्याचीही मागून घेतो. अनोळखी दोन माणसं एका टेबलावर बसली आणि बोलायला काही नसलं, तर ही कुकी त्यांना बोलायला लावते. चिठ्ठीवर कोणाचा विश्वास नसतो, आणि वाचल्याशिवाय कुकी कोणी खातही नाही.

तर असं सगळं बरं चाललं होतं. आणि एका चिनी नववर्षाच्या तोंडावर अरुणाबाईंनी स्वतःच एक मोठी ऑर्डर आणली.

बिशानला राहणारी कादंबरी मूळची पुण्याची, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. गणपतीच्या दिवसांत मंडळात ओळख झालेली. तिच्या बँकेची नववर्षाची दोन जेवणं होती, श्रीमंत ग्राहकांसाठी. एक सणाच्या सुरुवातीला, दुसरं सणाच्या शेवटी. "काकू, हाताने वळलेल्या म्हणून मुद्दाम तुमच्याकडे देतेय," कादंबरी म्हणाली. "माझं नाव राखा."

बेकरीत तेव्हा मॅडमचा भाचा केल्विन येऊ लागला होता. मॅडमना मूलबाळ नाही, पुढे बेकरी त्याच्याकडे जायची होती. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या फोनमध्ये एका यंत्राचा व्हिडिओ होता आणि तो सगळ्यांना दाखवायचा. यंत्र पीठ ओतायचं, भाजायचं, चिठ्ठी घालायचं, दुमडायचं.

"आंटी, बघ ना. याला सुट्टी नको, चहा नको."

"याला पगार नको, ते सांग आधी," अरुणाबाई म्हणायच्या.

"तेही आहे, लाह," शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' जोडून केल्विन हसायचा.

हसण्यावारी जायचं, पण अरुणाबाईंना समजत होतं. तोवर घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. साठीच्या बाईला दुसरीकडे पुन्हा ताटंच उचलावी लागली असती. आणि आता ताटं उचलणं त्यांच्याने झालं नसतं. हातांनी नव्हे, मनाने.

पहिल्या जेवणाची ऑर्डर पुरी करायच्या दिवशी पाकिटं भरणारी म्हातारी सणाच्या खरेदीला गेली होती. तिच्या जागी केल्विन बसला. अरुणाबाईंनी शेवटची चकती उचलली, मोदक केला, आणि नेमका त्याच वेळी भट्टीतल्या दुसऱ्या ट्रेच्या कडा काळ्या पडू लागल्या. मोदक फळीवर ठेवायला हात वर गेला नाही. त्यांनी तो निवणाऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात टेकवला आणि भट्टीकडे धावल्या. ट्रे वाचला. मग पीठ संपलं, भांडी घासायची होती, ओटा पुसायचा होता. मोदक डोक्यातून गेला. त्या दिवशी मॅडम गिऱ्हाइकांकडे गेल्या होत्या, कॉफीला त्यांनी भाऊ मागितलाही नाही. केल्विनने समोर येईल ते पाकिटात घातलं आणि पाकीट सीलबंद केलं.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कादंबरीचा फोन आला. अरुणाबाईंनी पिठाचे हात पुसून घेतला.

"काकू, काय पाठवलंत तुम्ही? आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाची आई आहे, मॅडम को. नव्वदीच्या. त्यांच्या पाकिटात काहीतरी गाठोड्यासारखं निघालं. आत चिठ्ठीच नाही! नव्या वर्षाला रिकामी कुकी, काकू! तो मुलगा भर जेवणात उठून उभा राहिला. माझ्या आईच्या नशिबात काहीच नाही असं म्हणायचंय का तुम्हाला, असं सगळ्यांसमोर."

अरुणाबाईंची नजर रिकाम्या फळीकडे गेली.

"दुसऱ्या जेवणाची ऑर्डर थांबवलीय वरून. मला खुलासा मागितलाय. मी काय सांगू, तुम्हीच सांगा."

फोन मॅडमनाही आला होता. त्यांनी तो काचेच्या खोलीत घेतला. बाहेर केल्विन मोठ्याने म्हणाला, "मशीन असं करत नाही." कोणाकडे न बघता म्हणाला, पण ऐकायला तिथे अरुणाबाईच होत्या. पाकिटात कोणी भरलं हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. केलेला मोदक त्यांचाच होता.

संध्याकाळी मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्या बोलू."

घरी केरकरांनी सगळं ऐकलं. "म्हणावं पीठ बिघडलं."

"पीठ मॅडम भिजवतात. त्यांचं नाव घालवू?"

"मग त्या पोराचं सांग. भरलं कुणी?"

"अहो, तुमच्या यार्डात नट तुम्ही सैल ठेवलात आणि रंग देणाऱ्याने वरून रंग दिला, तर चूक कुणाची?"

केरकरांनी मान डोलावली. आयुष्यभर नट आवळलेला माणूस, त्याला हे पटायला वेळ लागला नाही.

गार्गी नुकतीच नोकरीला लागली होती, जुरोंग ईस्टला. ती बूट काढता काढता म्हणाली, "आई, इट्स ओके लाह. सॉरी म्हण आणि सोडून दे. मी आहे ना आता."

"तू आहेस गं. पण माझं काय आहे मग?"

गार्गीला ते समजलं की नाही कोण जाणे. तिने आईच्या हातावर क्रीम लावून दिलं आणि तशीच शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी अरुणाबाई नेहमीच्या वेळी गेल्या. भट्टी पेटवली, ट्रे पुसले. मॅडम आल्या तेव्हा त्या हात पुढे बांधून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तो मोदक मी केला होता. ट्रेमध्ये राहिला. चूक माझी."

"तू केलास हे मला माहीत नाही का? इतकी वर्षं खातंय कोण?" मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत चार संत्री होती. "हात धू. आपल्याला जायचंय."

"कुठे?"

"माफी मागायला. नववर्षात रिकाम्या हाताने जात नाहीत. दोन संत्री तुझी, दोन माझी."

"आणि माझी नोकरी?"

"आधी माफी. नोकरीचं परत येताना."

मॅडम कोंचा बंगला बुकित तिमाच्या बाजूला होता. दार मुलाने उघडलं. साठी उलटलेला, सुटलेला माणूस. दोन बायका संत्री घेऊन दारात उभ्या बघून तो बाजूला झाला. त्याने आत नेलं. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत म्हातारी बसली होती. अंगाने पक्ष्याएवढी, नजर मात्र तीक्ष्ण. अरुणाबाईंनी दोन्ही हातांनी संत्री पुढे केली आणि वाकून नमस्कार केला.

"ते गाठोडं तू केलंस?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"त्यात चिठ्ठी का नव्हती?"

अरुणाबाईंनी आपल्या इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे असा एक पदार्थ असतो, त्याचा आकार या कुकीसारखा. ती बहीण. नुसत्या बहिणी करायच्या नसतात. म्हणून एक भाऊ करतात. भाऊ पाकिटात जायचा नव्हता. माझ्या हातून राहिला.

म्हातारी ऐकत होती. मग मुलाकडे वळली. "ऐकलंस? एवढ्या बायकांत एकटा भाऊ, आणि तो माझ्या ताटात आला. तू काय म्हणालास भर जेवणात?"

"मा, ती रिकामी होती."

"मला बरं वाटलं. नव्वद वर्षं लोक मला सांगताहेत, तुझं असं होईल, तसं होईल. परवा पहिल्यांदा कोणी काहीच सांगितलं नाही." ती अरुणाबाईंकडे वळली. "कुरकुरीत होता हं. शेंडा जरा जाड होता."

"शेंडा जाडच होतो, मॅडम. सगळ्या कडा तिथे येतात."

"तर मग आच कमी कर."

मुलाने मान खाली घातली. हसू लपवत होता की राग, कळलं नाही. त्याने चहा सांगितला.

चहा घेता घेता मॅडम येओ सावकाश म्हणाल्या, "ही कुकी काही आपली नव्हेच. अमेरिकन लोकांनी चिनी हॉटेलांसाठी काढलेली. हॉटेलवाले मागतात म्हणून मी करते. चीनमधून कोणी आलं तर विचारतात, हे काय आहे. मी हसते. आयुष्यभर एक खोटी चिनी वस्तू विकली मी."

"कोण म्हणतं अमेरिकन?" म्हातारी खुर्चीत सरळ झाली. "माझ्या नवऱ्याचा धंदा होता कोबेला. लग्नानंतर आम्ही तिथेच होतो. क्योटोला कोल्ह्यांचं एक मोठं देऊळ आहे, इनारीचं. त्याच्या वाटेवर दुकानं आहेत. पुरुष विस्तवापुढे बसतात, लांब दांड्यांच्या लोखंडी चिमट्यांत भाजतात, आणि गरम आहे तोवर हाताने दुमडतात. असाच आकार. पण मोठी, रंगाने काळसर, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो आणि तीळ घातलेली. चिठ्ठी आत नसते, बाहेरच्या दुमडीत खोचलेली असते, म्हणजे चुकून खाल्ली जात नाही. मी स्वतः खाल्ली आहे."

"जपानी?"

"जपानीच. तिथून लोक कॅलिफोर्नियाला गेले, त्यांनी तिकडे नेली. मग लढाई आली. तिथल्या जपान्यांना छावण्यांत घातलं आणि त्यांचं काम चिनी लोकांनी उचललं. पुढे जगाला वाटलं, चिनीच आहे. खोटी कशाने झाली? तिला चालवलं ते हातांनीच ना?"

मॅडम येओंनी कप खाली ठेवला. "माझे वडील," त्या म्हणाल्या, "सणाला लव्ह लेटर भाजायचे. त्या पातळ घडीच्या पापड्या. असेच लांब दांड्यांचे चिमटे, कोळशाच्या शेगडीवर. मी लहानपणी दुमडायचे." अरुणाबाईंनी त्यांचा चेहरा इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला अचानक कोणी खुर्ची द्यावी, तसा.

निघताना म्हातारी मुलाला म्हणाली, "बँकेत फोन कर. सांग, माझ्या आईला राग आला नव्हता, मला आला होता."

परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. अरुणाबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले होते. तीन थांबे गेले. मग मॅडम खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "तो भाऊ करणं थांबवू नकोस."

अरुणाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"पण शेवटी नको करू. सगळ्यात आधी कर. ऑर्डर सुरू व्हायच्या आधी. मी समोर उभी राहून खाईन. मग बहिणी. भाऊ पोटात गेल्याशिवाय एकही बहीण जन्मायची नाही माझ्या बेकरीत."

"म्हणजे मी..."

"म्हणजे उद्या नेहमीच्या वेळी ये. आणि केल्विनला सांग, पाकिटं डोळे उघडे ठेवून भरायची. त्यालाही मी सांगणार आहे. जरा मोठ्याने."

अरुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. बसमध्ये पदर नव्हताच, सलवार-कमीज होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि बघत राहिल्या. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. केरकर पलंगावरून म्हणाले, "काय निकाल?" त्या म्हणाल्या, "उठा, हात धरते, गॅलरीत बसून चहा घेऊ." त्यातून त्यांना कळलं.

बँकेने ऑर्डर परत दिली, पण निम्मीच. उरलेली निम्मी दुसऱ्या कुणाला गेली. रागावण्यासारखं काही नव्हतं. विश्वास एकदा सांडला की सगळाच्या सगळा भरून घेता येत नाही. अरुणाबाईंनी आणि केल्विनने मिळून प्रत्येक पाकीट दिव्यासमोर धरलं. पातळ कुकी असेल तर आतल्या चिठ्ठीची सावली दिसते. सावली दिसली की खोक्यात, नाही दिसली की बाजूला. केल्विन आधी कुरकुरला. मग त्याला ते आवडू लागलं. "आंटी, ही बघ, हिची चिठ्ठी तिरकी झोपलीय." मान अवघडली तरी दोघं उठले नाहीत. कादंबरी स्वतः खोके न्यायला आली आणि जाताना अरुणाबाईंच्या पाया पडली. "काकू, माझं नाव राहिलं," म्हणाली. खरं तर तेव्हा अरुणाबाईंनाच तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

त्यानंतर अरुणाबाईंनी बरीच वर्षं कुकी वळल्या. केरकर काठी घेऊन खालच्या बाकापर्यंत जाऊ लागले. गार्गीचा पगार वाढला, घरखर्च तिने उचलला, आणि आईचा पगार आईच्या खात्यात साठू लागला. रोज सकाळी पहिली चकती मोदकाची. मॅडम समोर उभ्या राहून खायच्या, "शेंडा जाड," म्हणायच्या, आणि मग काम सुरू.

मागच्या वर्षी मॅडमचे गुडघे पार गेले. बेकरीचा भाडेकरारही संपत आला होता. केल्विनने जुरोंगला दुसरी जागा घेतली आणि यंत्र आणलं. यंत्राच्या कुकी वाईट नसतात. त्या चुकत नाहीत, आणि यंत्राला दुखायला पाठही नसते. अरुणाबाईंना तो म्हणाला, "आंटी, तू ये, फक्त देखरेखीला." त्यांनी त्याचे आभार मानले आणि नको म्हणाल्या. बसून बघण्याचा पगार घ्यायची त्यांना सवय नव्हती.

शेवटच्या दिवशी भट्टी निवली, तेव्हा मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. अरुणाबाईंनी विचारलं, "आता काय करणार?"

"झोपणार."

"आणि क्योटो?"

मॅडमनी हात झटकला. बसमधल्या त्या दिवसापासून दर वर्षी त्या म्हणायच्या, या वर्षी जाऊन बघते ते देऊळ. दर वर्षी कुठली तरी ऑर्डर आडवी यायची. नववर्षाचे दिवस सोडले तर बेकरीला त्यांनी कुलूप लावलं नव्हतं. "आता या गुडघ्यांनी कुठे? आणि एकटी?"

"एकट्या नाही. मी येते."

"केरकर?"

"गार्गी आहे. तेच म्हणाले, मला खाली बाकावर सोबत आहे, तू जा."

दुसऱ्याच आठवड्यात अरुणाबाईंनी गार्गीला समोर बसवून तिकिटं काढायला लावली. दोन माणसांची. विमानाची, हॉटेलची, विमानतळावर चाकांच्या खुर्चीची सोयसुद्धा. गार्गी म्हणाली, "आई, त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त पैसे आहेत, लाह."

"असतील. म्हणून काय झालं?"

मॅडम तर भांडायलाच उठल्या. "मी तुला पगार दिला, आणि तू मला तिकीट देतेस? हा कुठला हिशेब?"

"हिशेब नाही, मॅडम. पगार तुम्ही दिलात, पण कमावला माझ्या या हातांनी. आता तो माझा आहे. मला वाटेल तिथे घालीन."

"हट्टी बाई."

"शेंडा जाड आहे," अरुणाबाई म्हणाल्या, आणि मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

या वर्षी, थंडी सरता सरता, दोघी क्योटोला गेल्या. देवळाच्या वाटेवर चढ होता. अरुणाबाईंनी खुर्ची ढकलली. मध्ये दोनदा दम घ्यायला थांबल्या, तिसऱ्यांदा मॅडमनीच थांबवलं. दुकान उघड्या दाराचं होतं. आत एक पुरुष लोखंडी चिमटे विस्तवावर फिरवत बसला होता. त्याने एक चिमटा उघडला, तपकिरी चकती उचलली, दुमडली, कमरेत वाकवली आणि चिठ्ठी दुमडीत खोचली. मॅडम खुर्चीतून उठून दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. अर्धा तास उभ्या होत्या, त्या गुडघ्यांवर. अरुणाबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. काम बघायला उभं राहायचं असेल तर माणसाला उभं राहू द्यावं.

एवढ्या वर्षांच्या चटक्यांच्या पगारातून शेवटी आलं ते हे. दोन माणसांचं विमानभाडं, चार रात्रींची एक खोली, भाड्याची एक चाकांची खुर्ची, आणि अजून हाताला चटका देणाऱ्या कुकींची एक पिशवी. पिशवीचे पैसे द्यायला मॅडमनी पाकीट काढलं होतं. अरुणाबाईंनी त्यांचा हात धरला आणि आपली नोट पुढे केली.